ट्रॅकिंग नसलेलं परदेशी पाकीट आणि ‘माल मिळाला नाही’ची नोटीस: काय करायचं, कोणत्या क्रमाने

पाकीट पाठवल्यावर चौतिसाव्या दिवशी पहाटे विक्रीच्या साइटकडून ईमेल आला. खरेदीदाराला माल मिळालेला नाही, अमुक तारखेच्या आत उत्तर द्या, तोवर पैसे रोखून ठेवले आहेत. पाकिटात होती हैदराबाद संस्थानच्या १९३१ च्या मालिकेतली दोन तिकिटं. एक आठ आण्यांचं, अजिंठ्याच्या लेण्यांचं. दुसरं एक रुपयाचं (हाली रुपया, म्हणजे निजामाच्या राज्याचा स्वतःचा, बरं का), त्यावर दौलताबादचा चांदमिनार. दोन्ही मिळून अडतीस डॉलरला विकली होती. मी जालन्यात राहते आणि निजामाच्या राजवटीतली टपाल तिकिटं, पोस्टकार्डं, छापील लिफाफे परदेशातल्या संग्राहकांना विकते. माल तळहाताएवढा, वजन पन्नास ग्रॅमही भरत नाही, म्हणून साध्या स्मॉल पॅकेटने पाठवायची सवय लागली होती. ट्रॅकिंग नाही. तोवर कधी अडलं नव्हतं.

त्या दिवशी मी जे केलं ते जवळपास सगळं चुकलं. पोस्टाच्या पावतीचा फोटो चढवला, ‘मी पाठवलंय, आता तुमच्या पोस्टाला विचारा’ अशा सुरातलं इंग्रजी उत्तर ठोकलं आणि निर्धास्त होऊन चहा टाकला. केस हरले. त्यानंतर अशा चार-पाच नोटिसा झेलल्या, त्यातून बसलेली पद्धत इथे लिहिते आहे. तुम्ही हिमरूचे स्टोल विकत असा, पैठणीच्या कापडाच्या पर्स किंवा बिदरीची कानातली, गोष्ट तीच आहे. (जुन्या वस्तू विकणाऱ्यांसाठी एक सूचना आधीच देते: शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणी विकणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.)

प्रश्न ‘पाठवलं का’ हा नाहीच

पावती हातात असूनही हरलो कसे, हे बहुतेकांना कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. पोस्टाची पावती सांगते की अमुक दिवशी, अमुक वजनाचं पाकीट, अमुक देशासाठी काउंटरवर दिलं. खरेदीदार त्याबद्दल भांडतच नाहीये. त्याचं म्हणणं आहे, ‘माझ्यापर्यंत आलं नाही.’ साइटही एवढंच तपासते की त्याच्या गावात, त्याच्या पत्त्यावर पोचल्याची नोंद ऑनलाइन दिसते का. साध्या टपालाची तशी नोंद जगात कुठेही होत नाही. म्हणजे तुम्ही खरं बोलत असूनही तुमच्या हातात पुरावा नाही, आणि तो मागाहून तयारही करता येत नाही.

विक्रीची साइट ईबे, तिच्या मनी बॅक गॅरंटीत (खरेदीदाराला पैसे परत मिळण्याच्या हमीत) पोचवल्याचा पुरावा म्हणजे ट्रॅकिंगवर दिसणारी ‘डिलिव्हर्ड’ची नोंद. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला वर सहीसुद्धा लागते. पेपाल या पैसे वळवणाऱ्या सेवेच्या विक्रेता संरक्षणातही ७५० डॉलरच्या पुढे सही हवीच. आपल्याकडची वडीलधारी मंडळी अजून म्हणतात, ‘यूपीसी करून टाक की.’ ते अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग भारतीय टपालाने २०११ मध्येच बंद केलं. आणि असतं तरी त्याने पाठवल्याचंच सिद्ध झालं असतं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी पायऱ्या सोप्या होतात. भांडून केस जिंकणं हे उद्दिष्ट राहत नाही. पाकीट शोधून काढायचं, ते नाही जमलं तर कमीत कमी नुकसानीत, खात्यावर डाग न पडता बाहेर पडायचं.

पहिलं काम: नोटीस कोणत्या दारातून आली ते बघा

तक्रार तीन दारांनी येते. विक्रीच्या साइटवरून, पैसे वळवणाऱ्या सेवेकडून किंवा खरेदीदाराच्या कार्डाच्या बँकेकडून. तिन्हींचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत. चुकीच्या दारात दिलेलं उत्तर फुकट जातं. मी एकदा खरेदीदाराला साइटवर तीन लांबलचक निरोप लिहीत बसले होते आणि खरी केस पेमेंटच्या खात्यात उघडी पडली होती.

ईबेवर (भारतातला देशांतर्गत बाजार त्यांनी २०१८ मध्ये गुंडाळला, पण इथून परदेशी विक्री चालू आहे) खरेदीदार पोचण्याच्या शेवटच्या अंदाजित तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो. विक्रेत्याला तीन कामाचे दिवस मिळतात. त्यानंतर खरेदीदार साइटला मध्ये घालू शकतो. एट्सी या दुसऱ्या विक्रीच्या साइटवर खरेदीदाराने आधी विक्रेत्याकडे मदत मागायची, ४८ तास वाट बघायची आणि मग केस उघडायची, असा क्रम आहे. म्हणजे ते ४८ तास ही तुमची खरी संधी असते. शुक्रवारी संध्याकाळी आलेला निरोप ‘सोमवारी बघू’ म्हणून ठेवला की ती गेली.

पेपालमध्ये पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो. वाद उघडल्यावर २० दिवसांत त्याचं दाव्यात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप बंद होतो, आणि बंद झालेला वाद पुन्हा उघडता येत नाही. हे खरेदीदारांनाही माहीत असतं. त्यामुळे ‘तुम्ही आधी वाद बंद करा, मग मी पैसे पाठवते’ असं कधीही लिहू नका. तुमच्या मनात काही नसलं तरी समोरच्याला तो फसवणुकीचा वास येतो. पेपालने भारतातल्या भारतातलं पेमेंट १ एप्रिल २०२१ पासून थांबवलं असलं तरी परदेशी ग्राहकांचे पैसे त्यावरून येतात, म्हणून हे सांगते.

तिसरं दार कार्डाचं, चार्जबॅक, म्हणजे खरेदीदाराने आपल्या बँकेकरवी पैसे परत ओढून घेणं. व्हिसा आणि मास्टरकार्डवर खरेदीदाराला साधारणपणे १२० दिवस मिळतात. निर्णय बँकेच्या हातात असतो, तुम्हाला फक्त कागद पुरवायचे असतात. ट्रॅकिंगशिवाय इथे जिंकलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.

दार कळलं की उत्तराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, मोबाइलवर आदल्या दिवसाचा गजर लावा. कामाचे दिवस परदेशी सुट्ट्यांप्रमाणे मोजले जातात. आपली पोळ्याची सुट्टी तिथे कुणी धरत नाही.

दुसरं काम: हातातले कागद एका जागी करा

अर्धा तास लागतो. ऑर्डरचं पान, त्यावरचा पत्ता, लेबलचा फोटो, पोस्टाची पावती, सीमाशुल्काच्या फॉर्मची प्रत, खरेदीदाराशी झालेले सगळे निरोप. यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लेबलचा फोटो. ऑर्डरवरचा पत्ता आणि लेबलवरचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघा. माझ्या एका केसमध्ये फ्लॅटचा नंबर राहिला होता. मीच हाताने लिहिताना गाळला होता. तिथे वादाला जागाच उरली नाही, त्याच संध्याकाळी पैसे परत केले.

मग पावतीवरचा नंबर बघा. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर जगभर एकाच साच्याचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपली ‘आयएन’. नववा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर ट्रॅकिंगच्या साइटला तो नंबरच ओळखू येत नाही. पहिलं अक्षर सेवा सांगतं. ‘ई’ म्हणजे ईएमएस, आपलं परदेशी स्पीड पोस्ट. ‘सी’ पार्सल, ‘आर’ रजिस्टर्ड, ‘एल’ ट्रॅक होणारं पाकीट. आणि ‘यू’ म्हणजे साधं, नोंदणी नसलेलं.

या ‘यू’नेच घोळ होतो. बारकोड आहे, नंबर आहे, म्हणजे ट्रॅकिंग आहे असं वाटतं. तो नंबर मुख्यतः सीमाशुल्काच्या इलेक्ट्रॉनिक माहितीसाठी असतो. मालाच्या टपालाला ही आगाऊ माहिती २०२१ पासून जगभर सक्तीची आहे. काही नंबर पहिल्या एक-दोन टप्प्यांपर्यंत हलताना दिसतात, पुढे शांत. साइटवर हा नंबर ‘ट्रॅकिंग’ म्हणून टाकलात तर खरेदीदार रोज तो उघडून बघतो, महिनाभर काही हलत नाही आणि त्याचा धीर सुटतो. ‘आर’ किंवा ‘एल’ने सुरू होणारा नंबर निघाला तर मात्र तुमची केस वेगळीच आहे. तो नंबर तिथल्या टपाल खात्याच्या साइटवर टाकून बघा. आपल्या साइटवर ‘देशाबाहेर गेलं’ इथे थांबलेली पाकिटं तिकडे पोचलेली दिसतात.

दुसऱ्याच पार्सलचा, त्याच गावात पोचलेला नंबर चढवण्याची युक्ती काही जण सांगतात. सांगणाऱ्याचं खातं आता चालू आहे का, ते आधी विचारा.

तिसरं काम: खरेदीदाराला लिहा, आणि नीट लिहा

माझी पहिली चूक इथे झाली. तो खोटारडा आहे असं मनात धरून मी लिहिलं. खरं तर महिनाभर पाकीट न आलेला माणूस तक्रार करणारच. तुमचं उत्तर इंग्रजीतच जाईल, पण त्यातला मजकूर साधारण असा हवा:

‘नमस्कार. पाकीट अजून मिळालं नाही हे वाचून वाईट वाटलं. मी ते अमुक तारखेला भारतीय टपालाने हवाई मार्गे पाठवलं, पावतीचा फोटो जोडते आहे. या सेवेला ट्रॅकिंग नाही, त्यामुळे ते आत्ता कुठे आहे हे मला दिसत नाही. कृपया तीन गोष्टी बघाल का? लेबलवर छापलेला पत्ता खाली दिला आहे, तो बरोबर आहे का? तुमच्या पोस्टाने किंवा कस्टम्सने पेटीत एखादी चिठ्ठी टाकली होती का? घरातल्या किंवा शेजारच्या कुणी ते घेतलं आहे का? अमुक तारखेपर्यंत मिळालं नाही तर मी पूर्ण रक्कम परत करीन.’

चिठ्ठीचा प्रश्न उगाच घातलेला नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची करमाफी काढून टाकली, ब्रिटनने त्याच वर्षीच्या जानेवारीपासून १५ पौंडांची. त्यामुळे दहा युरोच्या पाकिटावरही कर लागू शकतो. तो साइटने आधीच घेतलेला नसेल तर पोस्ट पाकीट अडवून ठेवतं, घरी चिठ्ठी टाकतं आणि ठरावीक दिवस वाट बघून परत पाठवतं. खरेदीदाराने ती चिठ्ठी जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून दिलेली असू शकते. ऑस्ट्रेलियात हा घोळ कमी होतो. तिथे १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या मालावरचा कर २०१८ पासून विक्रीच्या वेळीच घेतात.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथली ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्याआधीच २५ ऑगस्टपासून भारतीय टपालाने अमेरिकेसाठी मालाचं बुकिंग थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. त्या काळात कितीतरी विक्रेत्यांची पाकिटं वाटेत अडकली. असा काही व्यत्यय चालू असेल तर टपाल खात्याच्या जाहीर सूचनेचा स्क्रीनशॉट निरोपाला जोडा. केस त्याने जिंकता येत नाही, पण माणूस आणखी पंधरा दिवस थांबायला तयार होतो.

एक तारीख द्या आणि ती पाळा. ‘थोडं थांबा’ हे उत्तर नाही. निरोप साइटच्या आतच लिहा, व्हॉट्सअॅपवर नाही; उद्या कुणी तपासलं तर तिथलंच वाचतील. आणि इंग्रजी सोपं ठेवा. ‘काइंडली डू द नीडफुल’ वाचून तिकडच्या माणसाला नेमकं काय करायचं हे कळत नाही.

पोस्टात जायचं का?

जायचं, पण अपेक्षा ठेवून नाही. रजिस्टर्ड, पार्सल किंवा ईएमएस असेल तर पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत चौकशीचा अर्ज देता येतो. हा जागतिक टपाल संघाचा नियम आहे. आपलं खातं मग समोरच्या देशाच्या खात्याला विचारतं आणि नोंदणी केलेलं पाकीट हरवल्याचं ठरलं तर मर्यादित भरपाईही मिळते. उत्तर यायला लागणारे आठवडे आणि तुमच्या नोटिशीचे तीन दिवस यांचा मेळ बसत नाही, हे मात्र खरं. ही वाट स्वतःचं नुकसान भरून काढायची आहे. केस तिच्या भरवशावर ठेवू नका.

साध्या पाकिटाला तेवढंही नाही. जुन्या १८९८ च्या कायद्यातही टपाल हरवल्याची, उशीर झाल्याची जबाबदारी सरकारवर नव्हती, आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम २०२३ मध्येही नियमांत ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे ती नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी पावती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, ‘अहो मॅडम, हे साधं टपाल आहे. मुंबईहून विमानात बसलं की ते आम्हाला पण दिसत नाही. तुम्ही अडतीस डॉलरचं असं कसं पाठवायलात?’ मला राग आला होता. प्रश्न बरोबर होता.

परतावा: कधी, किती, कुठून

आता मुद्द्याचं. ट्रॅकिंग नाही, पत्ता बरोबर आहे, अंदाजित तारीख उलटली आहे आणि खरेदीदार म्हणतो मिळालं नाही. अशा वेळी रक्कम किती हा प्रश्न गौण आहे. पाच डॉलर असोत की दोनशे, कागदावर तुमची बाजू नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी स्वतः परतावा द्या.

साइटने निकाल देऊन पैसे काढून घेतले तरी रक्कम तीच जाते, मग घाई कशाला? खात्यासाठी. ईबे विक्रेत्याच्या नोंदीत अशा केसेस मोजतं, ज्या विक्रेत्याने सोडवल्या नाहीत आणि साइटला त्याच्या विरोधात बंद कराव्या लागल्या. त्यांची मर्यादा व्यवहारांच्या ०.३ टक्के किंवा दोन केसेस इतकी कमी आहे. वर्षाला शे-दोनशे पाकिटं पाठवणाऱ्या माझ्यासारखीला अशा दोन केसेस म्हणजे थेट काठावर. स्वतः दिलेला परतावा या मोजणीत धरला जात नाही.

परतावा पूर्ण द्या, मूळ पोस्टेजसकट. ‘अर्धे घ्या, अर्धं नुकसान माझं’ हे आपल्या बाजारात समजूतदारपणाचं वाटतं, तिथे ते फक्त केस लांबवतं. आणि परतावा फक्त त्या केसच्या आतल्या बटणावरूनच द्या. बँकेतून वेगळे पाठवलेत, दुसऱ्या अॅपवरून पाठवलेत, तर केस उघडीच राहते आणि साइट पुन्हा एकदा तेवढेच पैसे वळते करते. दोनदा पैसे गेलेले विक्रेते मला माहीत आहेत. तसंच, केस उघडी असताना ‘दुसरा नग पाठवते’ म्हणून माल धाडू नका. त्याला बदली नग हवाच असेल तर आधी परतावा, मग नवी ऑर्डर, आणि ती ट्रॅकिंगने.

लढायच्या केसेसही असतात, थोड्या. पोचण्याची अंदाजित तारीख अजून यायची आहे. तक्रारीची मुदत उलटून गेली आहे. किंवा खरेदीदारानेच आधी एखाद्या निरोपात ‘पाकीट मिळालं, पण तिकिटाला घडी पडली आहे’ असं लिहिलं आहे आणि महिन्याने ‘मिळालंच नाही’ म्हणतो आहे. हे शेवटचं माझ्या बाबतीत एकदा घडलं. त्याच्याच वाक्याचा स्क्रीनशॉट केसला जोडला, दोन ओळींत तारखा लिहिल्या, आणखी काही नाही. केस माझ्या बाजूने बंद झाली. अशा वेळी लांब लिहिण्याचा मोह आवरा. वाचणारा माणूस दिवसाला शंभर केसेस बघत असतो.

निकाल विरोधात गेला आणि नंतर खरा पुरावा हाती आला तर ईबेवर केस बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नवा कागद असेल तरच करा.

एकाच खरेदीदाराची पाकिटं वारंवार हरवत असतील तर त्याला ब्लॉक यादीत टाका, भांडू नका. हिशेबासाठी परताव्याचं पान पीडीएफ करून ठेवा. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने होणाऱ्या निर्यातीचा सीमाशुल्काचा फॉर्म) करून माल पाठवला असेल तर पैसे का आले नाहीत हे पुढे बँक विचारू शकते, तेव्हा ते पान लागतं.

पुढच्या पाकिटाचं गणित

‘सगळंच ट्रॅकिंगने पाठवा’ हा सल्ला सोपा होता आणि तीन डॉलरचं पोस्टकार्ड विकणाऱ्यासाठी निरुपयोगी. (परदेशी मालासाठीचं साधं स्मॉल पॅकेट भारतीय टपालाने जानेवारी २०२६ पासून बंद केलं. पुढचा हिशेब ते चालू होतं तेव्हाचा आहे.) स्वतःचा आकडा काढा. समजा ट्रॅकिंगला पाकिटामागे १५० रुपये जादा पडतात आणि तुमच्या अनुभवात शंभरातली चार साधी पाकिटं वादात जातात. शंभर पाकिटांना ट्रॅकिंगचे १५,००० रुपये. चार पाकिटांचं नुकसान १५,००० व्हायला एकेकाची किंमत ३,७५० रुपये हवी. म्हणजे नुसत्या पैशांच्या हिशेबात ३,७५० रुपयांखालचा माल साधा पाठवणं परवडायचं. पण त्यात खात्यावरचा डाग नाही, गेलेले तास नाहीत आणि एकमेव नगाची किंमत नाही. चांदमिनाराचं तिकीट परत तसंच मिळेल याची खात्री काय? म्हणून मी माझी रेघ १,५०० रुपयांवर ओढली. त्याच्यावर साधं टपाल बंद. देशागणिक हरवण्याचं प्रमाण वेगळं असतं, तेव्हा वहीत देशवार लिहा. वर्षभरात तुमची स्वतःची रेघ दिसू लागते.

काउंटरवर सेवा नावानेच मागा. ‘फॉरेनला पाठवायचंय’ म्हटलं की एक तर सगळ्यात महागडं ईएमएस सुचवायचे, नाही तर साधं. मधला पर्याय म्हणजे दोन किलोपर्यंतचं इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट. ते खरेदीदाराच्या देशाला चालू आहे का ते विचारा. सेवांची नावं आणि दर बदलत राहतात (देशातलं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, तेव्हा सगळ्यांचाच गोंधळ उडाला), म्हणून जुन्या पावतीवर विसंबू नका. व्यापारी मालाला आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक) आणि पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट लागतं. डिसेंबर २०२२ पासून हे बिल ऑनलाइन भरता येतं आणि त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तुमच्या जिल्ह्यातलं कुठे आहे ते मुख्य टपाल कार्यालयात विचारा. आपल्याकडचं पाकीट शेवटी मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून पुढे जातं, त्यामुळे वाटेतले दिवस धरूनच पोचण्याची मुदत लिहा. विक्रीच्या पानावर ‘दोन आठवडे’ लिहून तुम्ही खरेदीदाराच्या हातात घड्याळ देता. साइट देते तेवढी सगळ्यात लांब मुदत निवडा.

लेबल छापा, हाताने लिहू नका. पत्ता ऑर्डरवरून जसाच्या तसा उचला. खरेदीदाराचा फोन आणि ईमेल लेबलवर आणि सीमाशुल्काच्या नोंदीत घाला, कस्टम्सने अडवलं तर तिथलं पोस्ट त्यावर कळवू शकतं. किंमत खरी लिहा. ‘गिफ्ट’ म्हणून दोन डॉलर लिहिलेल्या पाकिटाची भरपाईही दोन डॉलरचीच. आणि स्वतःचा पत्ता, पिनकोडसकट, ठळक लिहा. तो कशासाठी ते आता सांगते.

नंतर पाकीट सापडलं तर

परतावा दिल्यावर पाकीट खरेदीदाराला मिळालं, असं होतं. ईमेल येतो, ‘आज मिळालं, पैसे कसे देऊ?’ अशांना साइटवरूनच रक्कम मागणारी विनंती पाठवा. न कळवणारेही असतील. मी परतावा देताना एक ओळ घालते, ‘उशिरा मिळालंच तर कृपया कळवा,’ आणि आजवर दोघांनी कळवलंय.

दुसरी शक्यता, पाकीट तुमच्याकडे परत येतं. माझी ती पहिली केस हरल्यावर दोन महिन्यांनी पोस्टमन काका दारात उभे. ‘ताई, तुमचंच तुम्हाला आलंय बघा.’ तेच खाकी पाकीट, कोपरे मऊ पडलेले, माझ्या हाताने लिहिलेला पत्ता निळ्या पेनाने आडवा खोडलेला. त्यावर एक छोटी छापील चिठ्ठी चिकटवलेली, फ्रेंचमध्ये. जागतिक टपालाची ती जुनी भाषा. चार-पाच चौकोन, त्यातल्या एकावर फुली: नॉन रेक्लामे. कुणी न्यायला आलं नाही.

पाकीट त्याच्या गावच्या पोस्टात पडून होतं. बहुधा कर भरायची चिठ्ठी त्याच्या पेटीत पडली असणार आणि त्याने ती पाहिली नसणार. मी ‘तुमच्या पोस्टाला विचारा’ असं खेकसण्याऐवजी ‘चिठ्ठी आली होती का’ एवढं विचारलं असतं तर तो बहुधा जाऊन घेऊन आला असता.

परत आलेलं पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, चिठ्ठीचा फोटो घ्या आणि ते हिशेबाच्या फायलीत ठेवा. मग त्या खरेदीदाराला फोटो पाठवून विचारा, अजून हवं आहे का. मी विचारलं. तो म्हणाला, हो, पण या वेळी ट्रॅकिंगचे पैसे मी देतो. अजिंठा आणि चांदमिनार सोळाव्या दिवशी त्याच्या सहीने उतरले.